निरंक

वार्षिक अहवाल, रकाना चौदा:
भेदभावाच्या तक्रारी, एकूण प्राप्त.
सहा वर्षं मीच भरतोय.
मराठीत असतं तर लिहिलं असतं, निरंक.
खानापूरच्या कचेरीत लिहायचं, इल्ल.
दोन अक्षरं. शाईही फार लागत नाही.

मार्चअखेर. खाली बसाप्पा शिपाई
कुणाला तरी सांगतोय, "अक्का, नाळे बा."
उद्या ये. एवढं कन्नड
सगळ्यांनाच कळतं.

सत्यभामा घाडी, हेम्मडग्याची.
दोन गाड्या बदलून येते. काखेत कुबडी,
डाव्या पायाला लोखंडी पट्ट्या,
पिशवीत पोस्टानं आलेलं पान.
त्यावरची लिपी तिला
काकणं मांडल्यासारखी दिसते.
पेन्शनचा विभाग वर, बावीस पायऱ्या.
ती चौथीवर बसते.
तिथून पुढं पान एकटंच वर येतं.

बसाप्पा वाईट नाही.
परवा म्हणाला, उचलून नेतो.
"मी काय भाताचं पोतं हाय व्हय रे?"

बेळगावच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं,
कायदा तक्रारीची वाट बघत नाही,
भेदभाव होऊच न देणं हे कचेरीचं काम.
मी लिहून घेतलं. खाली दोन रेघा.
चहाबरोबर कुंदा होता, तोही आठवतो.

खरं सांगायचं तर मी तिच्याच भाषेचा.
म्हणूनच इतकी वर्षं खाली उतरलो नाही:
कुणी म्हणायला नको,
आपल्या माणसाचं काम केलं.

आज 'इल्ल'चा 'इ' काढायला पेन टेकवलं,
टेकवलेलंच राहिलं,
कागदावर मसुराएवढा डाग.
मग टेबलाचं एक टोक धरलं. सागवानी, हलेना.
बसाप्पाला हाक मारली.
"एल्लिगे, सर?"
खाली.

जिन्याच्या वळणावर एक पाय तुटला.
तळाशी, झेरॉक्सच्या दाराशेजारी,
तुटक्या पायाखाली जुने अहवाल घातले,
बरोबर उंचीचे निघाले.
वरून साहेब: कुणाचा आदेश?
रकाना चौदा कोराच होता,
तोच वर पाठवला.

तिनं पान पुढं केलं.
मी मोठ्यानं वाचलं, आधी कन्नडात, मग मराठीत:
अर्जदारानं खुद्द हजर राहावं.

"हाय की," ती म्हणाली.