डावी काच

इवालोच्या दुकानातली मुलगी म्हणाली, ही फ्रेम आता निघत नाही,
काचा बाहेरून मागवाव्या लागतील.
तिने कागदावर लिहिलेला आकडा पाहिला
आणि चष्मा परत खिशात घातला.
नाकापेक्षा मोती जड.
पेट्रोल पंपावरचा चष्मा तो, अकरा वर्षांपूर्वीचा,
पण माझ्या नाकाला ठाऊक झालेला,
आणि या वयात माझं नाक
नव्या ओळखी करून घेत नाही.

एप्रिल संपत आला. इनारी सरोवर अजून घट्ट आहे,
ऊन रात्री नऊपर्यंत हलायचं नाव घेत नाही.
बर्फाखालची जाळी ओढताना ते खालून येतं,
हनुवटीखालून. टोपी काय करणार?
लग्नाआधी एकदा दोन दिवस पडून होते अंधारात,
पापण्यांच्या आत कुणी वाळू शिवून टाकावी तशी.
ती चूक एकदाच करायची असते.

तर मग इल्मोचा जुना स्की-गॉगल.
पट्टा कुत्र्याने खाल्ला होता, काच धड होती.
मेणकापडावर सगळं मांडलं:
फुटकी काच नमुन्याला, चिकटपट्टी, पेन्सिल,
पत्रा कापायची कात्री, सुऱ्या परजायची कानस
आणि कॉफी, जिच्यात पुढे तासभर भुसा पडत राहिला
आणि जी मी तरीही प्यायले.

उजवी पहिल्याच झटक्यात जमली.
रेघेच्या बाहेरून कापायचं, घाई करायची नाही,
मग घासायचं, फ्रेमला लावून बघायचं, पुन्हा घासायचं,
केसाएवढं.
बसली तेव्हा टक् असा आवाज झाला,
डबीचं झाकण लागावं तसा.
मी एकटीच होते, तरी इकडेतिकडे पाहिलं
कुणी ऐकलं का म्हणून.

डावी तडकली. कडेपासून थेट मध्यापर्यंत,
जणू तिला माहीत होतं कुठे दुखेल.
उरला होता एक अरुंद तुकडा.
आडवा मावेना, म्हणून उभा धरला,
गरम पाण्यात बुडवून घेतला,
आणि श्वास रोखून कापला.
बसली. थोडी सैल. नेलपॉलिशचा एक ठिपका लावला,
नातीने विसरलेल्या बाटलीतला, गुलाबी.

सकाळी स्नोमोबाइल काढली.
उजव्या डोळ्याला सरोवर पाटीसारखं काळंनिळं, गार, शहाणं.
डाव्या डोळ्याला भगभग.
दोन्ही उघडे ठेवले की दोन बहिणी
एकाच पातेल्यात ढवळतायत असं वाटे.
शिव्या घालत, डावा मिटून निघाले.

साम्मूलच्या बेटाजवळ डोळ्यात माशी गेली,
नाहीतर मी उजवा मिटला नसता.
डावीत दिसली समोर एक पट्टी,
ताज्या कापलेल्या पत्र्यासारखी लखलखती,
उजवीत जिथे नुसतं साधं बर्फ होतं.
थांबले. कुऱ्हाडीच्या दांड्याने टोचून पाहिलं.
बर्फावर पाणी. त्याखाली बर्फ किती,
ते मोजायला मी पुढे गेले नाही.

वळसा घालून जाळ्यापाशी गेले. नऊ सीका, एक पर्च,
एक भोक, कुणीतरी मोठं येऊन गेल्याचं.

इल्मो फोनवर हसला. आई, तुकडा फिरला,
या काचांना उभं-आडवं असतं,
एक काच चकाकी गिळते, दुसरी नेमकी तीच आत सोडते.
फोनच्या पडद्यासमोर धरून फिरव, काळा पडेल, कळेल.
फिरवला. काळा पडला. कळलं.
नवीन गॉगल पाठवतो, म्हणाला, त्यातून नीट काप.
हो हो, म्हटलं.

पार्सल येऊन पडलंय, खिडकीत.
संध्याकाळी डोकं दुखतं, ते खरंच आहे.
सरोवर फुटेपर्यंत अजून तीन आठवडे,
तोवर ते उघडणार नाही.