गोड माती

वाइके म्हणाली, तुमच्या बेटाची माती फार गोड आहे.
मी सुखावलो.
सारेमाला आजवर कुणी गोड म्हटलं नव्हतं.
वारा, जुनिपरची झुडपं, खारट धुकं
आणि वीतभर खणलं की चुनखडीची फरशी.
मागाहून कळलं, ती तक्रार होती.

ब्लूबेरीला आंबट माती लागते.
तिच्या माहेरी, पल्वाकडे, पाइनच्या रानात
पायाखाली काळं पीट, दाबलं की पाणी सोडणारं.
तिथं बेरी लावत नाहीत,
वाकतात आणि वेचतात.
इथं एकेचाळीस वर्षं तिनं
माझ्या आईचे करंट वेचले, न बोलता.

मग तीन रोपं मागवली.
ज्या फेरीचं इंजिन मी सत्तावीस वर्षं राखलं
तिच्यावरूनच आली, वर्तमानपत्रात गुंडाळून.

पहिल्याच उन्हाळ्यात पानं पिवळी,
शिरा तेवढ्या हिरव्या,
कोरड्या मुलखाच्या नकाशावर नद्या दिसाव्यात तशा.
तिनं गंधक घातलं.
पट्ट्या भिजवून रंग पाहिला, वहीत लिहिलं:
साडेसात.
पुन्हा गंधक. पुन्हा साडेसात.
आकडा काही उतरेना.

आता माझं ऐका.
शनिवारी सौना तापतो. रविवारी चुलीत राख उरते,
बर्चची, मऊ, पिठासारखी.
माझे वडील ती कोबीला घालत, सफरचंदाला घालत,
लहानपणी एकदा माझ्या फुटलेल्या गुडघ्यालाही.
मला वाटलं, बिचारी रोपं परक्या मुलखातली,
आजारी, वर गंधकाचा मारा.
ती झोपली की मी बादली घेऊन जायचो,
प्रत्येकीच्या बुंध्याशी एकेक ओंजळ.
राख घातली ती राखण म्हणून.

असे दोन वसंत.
दिवसा ती माती आंबवायची,
रात्री मी पुन्हा गोड करायचो.

पण जूनमध्ये आमच्याकडे रात्र नावालाच असते.
साडेबाराला वाकलो होतो,
वर पाहिलं तर स्वयंपाकघराच्या खिडकीत वाइके,
हातात पाण्याचा पेला, तसाच.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं.
सकाळी तिनं पहार माझ्या हातात दिली.
खण, एल्मार.

खणलं. फरशीवर पहार आपटली की
दातांपर्यंत झिणझिण्या.
तीन दिवस, तीन खड्डे.
त्यांत मासळीची जुनी पिंपं, बुडाला भोकं पाडून.
तिच्या भावानं आठ पोती पाठवली, पीट आणि पाइनच्या सुया.
पोतं उघडलं आणि ती गुडघ्यांवर बसली,
कोपरापर्यंत हात आत घालून, बराच वेळ.
मी चहा ठेवायला गेलो.
विहिरीचं पाणी त्यांना चालत नाही.
किटलीच्या आत पांढरा थर धरतो, तो मी रोज पाहतो,
कधी विचार केला नव्हता.
पन्हळीखाली पिंप लावलं.
आता पाऊस आला की मी झाकण काढायला धावतो, या वयात.

यंदा चौदा बेरी.
चार कस्तुर पक्ष्यानं नेल्या, जाळी टाकायच्या आधी.
एक निळी झालेली दिसली आणि मी तोडली.
डोळे मिटले, कान हलले, इतकी आंबट.
गोड आहे, मी म्हणालो.
खोटारडा, ती म्हणाली, आणि हसली,
दाराच्या चौकटीला धरून हसली.
निळी झाली म्हणजे पिकली असं नसतं.
अजून आठवडाभर राहू द्यायची.

उरल्या नऊ.
मी सकाळी मोजतो, ती संध्याकाळी.

रविवारची राख आता लायलॅकला जाते, तिला ती मानवते.
बादली घेऊन निघालो की खिडकीतला पडदा हलतो.
मग मी बादली जरा उंच धरतो,
आणि लांबून, मुद्दाम लांबून वळसा घालून जातो,
तिला नीट दिसावं म्हणून.