अकराव्या आठवड्याची सही

कापगते सरांनी फळ्यावर चार घरं आखली
शरीर, हुन्नर, सेवा, वाट
आणि म्हणाले, ज्याला वाटेल त्यानं यावं.
मार्क नाहीत. हजेरी नाही. न येणाऱ्याला शिक्षा नाही.
आमच्या शाळेत असं कधी कुणी बोललं नव्हतं.
खेमराजनं मागच्या बाकावरून विचारलं,
"मंग कायले करायचं जी?"
सरांनी खडू झटकला.
"तेच तर पाहायचं आहे."

सत्तेचाळिसातले अकरा उरलो.
पिवळ्या पुठ्ठ्याचं एकेक कार्ड,
तेरा आठवडे, दर घराला आठवड्याचा एक तास,
सही करणारं माणूस ज्याचं त्यानं शोधायचं.
वाट तेवढी सगळ्यांची मिळून, शेवटी.

शरीर म्हणून मी तलावाच्या पाळीवरून धावायचं ठरवलं,
सांडव्यापर्यंत आणि परत.
पहिल्या दिवशी बांधीत निंदणाऱ्या बाया
कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या,
"कोनाची गाय सुटली वं, टेकेश्वरी?"
तिसऱ्या आठवड्यात त्याच म्हणू लागल्या,
"आज उशीर झाला तुले."

हुन्नर बुधरामच्या दुकानात.
पंक्चर डोळ्यांना दिसत नाही,
ट्यूब पाण्यात बुडवायची आणि वाट पाहायची, बुडबुड्याची.
त्याचे हात काळे, पेन धरवेना,
म्हणून सहीच्या जागी दर आठवड्याला ग्रीसचा अंगठा.
(ओमेश्वर तांदळाच्या भाकरी शिकला.
त्याचा बाप आधी हसला, मग दुसरी मागितली.)

सेवा म्हणजे सोनबा मारबते.
दंडारीत चाळीस वर्षं पेटी वाजवली,
आता डोळे गेलेले.
दर रविवारी मी त्यांना वाचून दाखवायचं.
घरात वाचायला काही नव्हतं,
मग कॅलेंडरची मागची बाजू,
मुलाच्या औषधफवारणीचा कागद,
युरियाच्या पोत्यावरच्या सूचना.
मी थांबले की ते म्हणायचे, "पुढे?"
मी त्यांचं बोट धरून रकान्यावर ठेवायची,
ते बोटाशेजारी सही करायचे, तिरपी,
शेवटचं अक्षर दरवेळी रेघेबाहेर.

अकराव्या रविवारी मंडई होती.
पाळणे होते, मावशीच्या गावचं नाटक होतं.
मी गेले.
पुढच्या रविवारी बोट दोनदा ठेवलं.
ते क्षणभर थांबले.
"आज दोनदा?"
"जागा आहे जी कार्डात," मी म्हटलं,
जसं काही विचारलं तेच सांगितलं.
त्यांनी सही केली.

मग वाट. दोन दिवस पायी,
नाल्याकाठानं, मोहाच्या जंगलातून,
रात्री परक्या गावच्या शाळेच्या व्हरांड्यात मुक्काम.
खिचडी खालून करपली, वरून कच्ची.
सगळे झोपले.
मला त्या दोन सह्या दिसत राहिल्या,
एक मोकळी, दुसरी जरा दाबून केलेली.
पहाटे हातपंपावर दात घासता घासता
मी कार्ड काढलं आणि एकीवर काट मारली.
सर मागे उभे होते, तांब्या घेऊन.
काही बोलले नाहीत.
काटेशेजारी बारीक अक्षरात आपली सही केली,
मला कळेना कशाची.

सव्वीस जानेवारीला सहा बिल्ले वाटले.
खेमराजलाही मिळाला, मी खूप टाळ्या वाजवल्या,
काही टाळ्या रागाच्या होत्या.
"एक रविवार बाकी आहे," सर म्हणाले. "वाटलं तर."

दोन रविवार मला वाटलं नाही.
तिसऱ्याला गेले, कार्ड घरीच ठेवून.
"कोन?"
"टेकेश्वरी."
त्यांनी हात पुढे केला, बोट रकान्यासाठी तयार.
"कार्ड नाही आणलं जी."
बोट तसंच हवेत राहिलं, मग मांडीवर आलं.
वाचायला तेच पोतं होतं.
थंड, कोरड्या जागी ठेवा.
मुलांपासून दूर ठेवा.
"पुढे?"
मी पोतं उलटलं. पुढे काही नव्हतं.
मी वाचत राहिले,
मंडईच्या पाळण्यांविषयी, मावशीच्या गावच्या नाटकाविषयी,
पेटी कशी अर्धा सूर खाली वाजत होती त्याविषयी.
ते मान डोलवत होते.
पोत्यावर हे नसतं, हे त्यांना ठाऊक होतं.
ही खोटी नोंद मी कुठंच लिहिली नाही.