टोपण

मे महिना. महालातल्या शाळेचा हॉल.
कूलरमधलं पाणी संपलंय, कुणाच्या लक्षात नाही,
तो खडखडत गरमच हवा फेकून राहिला.
चार पट, चार घड्याळं.
आम्ही मस्कासाथचे. ते अजनीचे, रेल्वेवाले.

पहिल्या पटावर आमची रुंजी हेडाऊ,
यंदा दहावीत गेलेली,
वेणीत बिनटोपणाचा पेन खोचलेला.
चौदाव्या चालीला तिनं उंट दिला.
राजासमोरच्या प्याद्यावर नेऊन आपटला
आणि पाण्याची बाटली उघडली.
समोर बोरीकर साहेब, तिकीट तपासनीस.
बिनतिकीट माणसाकडं पाहावं
तसे त्या उंटाकडं पाहत राहिले.
मग घेतला.

घोडा आला. वजीर आला.
कोपऱ्यातला हत्ती झोपेतून उठवल्यासारखा आला.
मला माझ्या खुर्चीवरून नुसत्या पाठी दिसत होत्या,
आणि कुणीतरी तोंड दाबून म्हटलं, "अबे बाप्पा!"
चोविसाव्या चालीला मात.

ते पाहून दुसऱ्या पटावर आमच्या निमजेनंही उंट दिला.
तिनं पाहून दिला होता,
यानं तिला पाहून दिला.
हरला.
तिसऱ्यावर बरोबरी, चहा यायच्या आत.

दीड-दीड. उरलो मी.

माझे वडील मागावर बसायचे.
सूत तुटलं तर ओरडत नसत,
दोन बोटांत दोन टोकं धरायची, गाठ,
आणि माग पुन्हा चालू.
मला या खेळात तेवढंच येतं.
सकाळपासून तेच करून राहिलो होतो:
इथं गाठ, तिथं गाठ,
आणि कापड मात्र कमी कमी होत गेलेलं.

आता माझ्याकडं राजा आणि एक हत्ती.
तौसीफकडं राजा, हत्ती
आणि एक प्यादं.
प्यादं म्हणजे टोपण.
आमच्या संचात एक पांढरं प्यादं दोन वर्षांपासून नाही,
रुंजीनं जेल पेनचं टोपण उभं केलं होतं.
बाकीची सात खरीखुरी मेली,
हे राहिलं.

माझा राजा त्याच्या वाटेत.
हत्ती तिसऱ्या रांगेवर आडवा,
रेल्वे फाटकाच्या दांड्यासारखा.
हत्ती डावीकडं. हत्ती उजवीकडं.
हत्ती डावीकडं.
निमजे कानाशी येऊन उसासा टाकून गेला.
रुंजी येरझारा घालत होती;
तिला बसून राहणं जमत नाही, दुसऱ्याचंही.
पंचानं डोळे वटारले तेव्हा भिंतीला टेकली.
माझ्या शर्टाची पाठ खुर्चीला चिकटलेली.
डावीकडं.

तौसीफ कंटाळला, की चिडला, सांगता येत नाही.
त्यानं टोपण एक घर पुढं सरकवलं.

बस्स.
ज्या छपराखाली त्याचा राजा पुढं शिरणार होता
ते छप्परच त्यानं खर्चून टाकलं.
माझा हत्ती सरळ पार टोकाला गेला, पटाच्या दुसऱ्या काठावर,
आणि मागून शह.
राजा बाजूला. शह.
वर गेला. शह.
भर दुपारी सीताबर्डीत सावली शोधावी
तसा हिंडला बिचारा.

अठ्ठ्याऐंशी चाली. त्यानं हात पुढं केला.
हात त्याचा थंड, माझा घामेजलेला.
दोन-दोन. आम्हाला वर जायला तेवढे पुरत होते.

टाळी कुणी वाजवली नाही.
पाहायला उरलं होतं कोण?
"काका," रुंजी म्हणाली, "तुम्ही तं काहीच केलं नाही राजेहो!"
आणि हसू दाबत सहीसाठी वेणीतला पेन काढला.
चालेना. तळहातावर घासला,
तोंडाजवळ धरून हाऽ हाऽ केलं,
शाई केव्हाच वाळून गेलेली.

तौसीफनं खिशातला आपला पेन दिला.
पटावरून टोपण उचललं,
बोटांत फिरवून पाहिलं.
"ये क्या था?"

"प्यादा," ती म्हणाली,
त्याच्या हातून घेतलं
आणि बाकीच्या सातांसोबत
पेटीत टाकलं.