चौकातलं गवत

दिब्ब्याच्या मधल्या चौकात ते मीच लावलं,
हे आधी सांगून टाकतो.
साडेतीनशे रोपं, काळ्या पिशव्यांतली,
प्रत्येकाच्या मुळाशी ठिबकची एक नळी.
कॅटलॉगात लिहिलं होतं : पाणी कमी, शोभा फार.
इंजिनिअर गाडीतून न उतरताच म्हणाला, वा.
जांभळट तुरे असे झुलायचे
की ट्रकवालेसुद्धा वळसा सावकाश घ्यायचे.
मी फोटो काढून पालशेतला पाठवला.
बायकोनं विचारलं, गुरं खातात का?

उत्तर द्यायला मला अकरा वर्षं लागली.

खात नाहीत.
उम्म हमदाननं दाखवलं मला, वादीत नेऊन.
(वादी म्हणजे इथे कोरडा ओढा.
आमच्याकडे वाडी म्हणजे नारळ, रहाट, पाटाचं पाणी;
नवा होतो तेव्हा हा शब्द ऐकून उगाच खूश झालो होतो.)
तिच्या शेळ्या हुंगायच्या, फुरफुरायच्या,
पुढे जायच्या. पुढेही तेच.
तिनं काठी टेकली : इथे थुमाम होता.
दोन पावलं चालली. इथे.
मग नुसतीच काठी फिरवत राहिली,
इथे, इथे, त्या दगडापर्यंत.
रागावली असती तर बरं झालं असतं.

चौकातून डोंगराच्या घळीत ते गेलं कसं?
थोडं वाऱ्यानं नेलं.
थोडं खडीच्या टिपरांनी, चाकांना चिकटवून.
शुक्रवारी क्रिकेट खेळणाऱ्या पोरांच्या सलवारींनी.
आमच्याच पाइपलाइनला जिथे जिथे गळती होती
तिथे तिथे त्यानं मुक्काम केला.
आणि एका रात्री वादीला पूर आला,
सकाळी गाळ खाली बसला
तेव्हा बियाणं समुद्रापर्यंत पेरून झालं होतं,
ओळी धरून, पाभरीनं पेरावं तसं.

मागच्या थंडीत सहलीला आलेल्या कुणाचा तरी निखारा उडाला.
वाळलेलं गवत कापरासारखं पेटलं.
जुनी समरची झाडं गेली, खोडासकट.
पंधरा दिवसांनी राखेतून हिरवं काही आलं,
आम्ही धावत बघायला गेलो.
तेच होतं.

आता काढायचा हुकूम आहे.
आधी तुरे कापायचे, हळूच, झटका न देता,
पिशवीत भरायचे, तोंड बांधायचं,
मग कुदळ.
तुळबहादुर घाम पुसत म्हणतो,
आपला व्हिसा संपत आला, दादा,
ह्याला कोण परत पाठवणार?
हसलो. नंतर ते हसू घशात टोचत राहिलं.
परकं म्हणून त्याला शिवी देणं मला जमत नाही.
मीही आलो तो कुणाच्या तरी यादीतून,
पाणी कमी, काम फार.
पण मी कुणाची जागा घेतली नाही,
असं म्हणायला जातो
आणि चौकाची ती पहिली नोंदवही आठवते :
जमीन साफ केली. झुडपं उपटली, नग चाळीस.
पुढच्या रकान्यात, माझ्याच अक्षरात, तण.
ती झुडपं थुमामची होती.
शेळ्या रस्त्यापलीकडे उभ्या राहून बघत होत्या.

गेल्या सुट्टीत बायकोनं माझे मोजे धुवायला उलटे केले.
मऊ केसाळ एक दाणा तिच्या बोटाला लागला.
पिसासारखा आहे, म्हणाली,
आणि फुंकर घालायला ओठ जवळ नेले.
मी ओरडलोच.
मग चुलीत टाकला. दोघांनी बघितला जळताना.

दुसरा मोजा मात्र
तिनं आधीच झटकला होता, पडवीच्या कडेला.
मी रात्री दोनदा उठलो, विजेरी घेऊन,
ओल्या मातीवर बसून काय शोधतोय
हे शेजारच्या बाळकृष्ण गोणबऱ्याला
कसं सांगू ते सुचेना.
म्हटलं, नाणं पडलंय.
तोही बसला शोधायला.