फ्याट

पहाटे साडेचारला लकवा मारला डोमाजी खवशींना,
डेअरीच्या ओट्यावर, हातात माप असताना.
सांडलेलं दूध कुत्र्यांनी चाटलं,
माणूस ट्रॉलीत घालून कारंज्याला आणला.
उजवी बाजू गेली. वाचा गेली.
डोळे तेवढे उघडे, डावीकडं वळून बसलेले,
तिथल्या भिंतीवर कुणी आजचा दर लिहिल्यासारखे.

मी रक्त काढलं. त्यांनी मला ओळखलं नाही,
किंवा ओळखलं. कोण सांगेल.

तीस वर्षं या माणसानं गावाच्या दुधातली चरबी मोजली.
काचेच्या नळीत ॲसिड, वर दूध,
हातानं फिरवायचं चक्र, घर्र घर्र,
मग नळी खिडकीशी धरून, एक डोळा मिटून
म्हणायचे, तीन पॉइंट चार.
आई म्हणायची, भाऊ, गवळाऊ गाय हाय, सरकी चारली तिले,
नीट पाहा ना जरा.
ते नीट पाहायचे.
तीन पॉइंट चार.

माझंही चक्र फिरतं, विजेवर.
लाल खाली बसतं, वर पिवळं पाणी उरतं.
त्यांचं अगदी निवळ निघालं,
रात्रभर ठेवलेल्या ताकावरच्या पाण्यासारखं.
एकूण कोलेस्टेरॉल एकशे बारा.
मशीनचा भरवसा नाही म्हणून पुन्हा लावलं.
एकशे बारा.

"कमी हाय ना बाई?" पंचफुलाबाई दाराशी.
"कमी म्हंजे बरं. आमच्या घरी तेल मोजूनच पडते भाजीत."
त्यांच्या मागं आमचंच पोस्टर,
कोलेस्टेरॉल घटवा, आयुष्य वाढवा.
पोस्टरातलं अख्खं कुटुंब हसत होतं.

डॉक्टर वैरागडे मला बाजूला घेऊन म्हणाल्या,
धडधाकट माणसात कमी ते चांगलं.
एवढा मोठा झटका आला की कधीकधी उलटं दिसतं,
ज्यांचा आकडा खाली, त्यांच्यातले जास्त जातात.
का, ते नीट कुणाला ठाऊक नाही.
शरीर आतून आधीच रितं झालेलं असेल,
आकडा नुसता साक्षीदार असेल.
शंभरातले किती, तेही त्यांनी सांगितलं.
पण खाटेवर शंभर नव्हते.
एकच होता, आणि त्याच्या नखांत साय वाळली होती.

एकदाच, पोळ्याच्या आदल्या दिवशी,
आई तापानं फणफणलेली म्हणून किटली मी नेली होती.
नळी तीन पॉइंट सहाला थांबली. मी बघितली ना.
वहीत त्यांनी चार लिहिलं.
वर न बघता म्हणाले, जाय, छबूची पोर,
झुलीले पैसे होतीन.

रिपोर्टावर पेन टेकवून मी थोडा वेळ बसले.
एकाचा पाच करायला एक फराटा पुरतो.
पण इथं त्यानं कुणाचा दर वाढत नाही.

कमी आहे, एवढंच म्हटलं मी.
बरं आहे का, ते डॉक्टर सांगतील.
पंचफुलाबाईंनी मान हलवली, पदरातून फोन काढला,
"रिपोट चांगला आला म्हने."

दुपारी एकशे आठ आली, सेवाग्रामला घेऊन गेली.

नमुना सात दिवस ठेवायचा फ्रिजमध्ये, मग टाकायचा.
आज नववा. तिकडून काही कळलं नाही.
चिठ्ठीवर माझंच अक्षर, खवशी डोमाजी, पु., ६३.
मी नळी खिडकीशी धरते,
एक डोळा मिटून.