भरमाला द्यायचा का

गिरण बंद करून बसलो चौघं. पट्टा अजून गरम.
वहीत डावीकडं कुणाचा जोंधळा किती,
उजवीकडं आमची टीम:
अकरा नावं, त्यातली सहा खोडलेली.
दोघं मिलिटरीत लागले, एक मडगावला वेल्डर,
परशा आणि त्याचा भाऊ पुण्याला,
आणि नागेंद्र, लग्न झाल्यापासून
दर रविवारी सासरवाडीला, कित्तूरला.

उरली पोरं. मिसरूड न फुटलेली,
बॉल नाकासमोर आला की डोळे मिटणारी.
आणि भरमा.

गोकाकचा ईराण्णा जीपमधनं उतरलासुद्धा नाही.
काच खाली करून म्हणाला, "एष्टु बेकु, हेळ्री."
किती पाहिजे, सांगा.
आम्ही गप्प, तर स्वतःच सांगितलं:
दोन पोरं देतो, सतरा-अठराची, एक डावखुरा.
वर नवं मॅटिंग.
भरमा तेवढा सोडा.

भरमा करतो काय?
एक ओव्हर टाकतो. आठवी, शेवटची.
त्याआधीच्या सात ओव्हर बांधाजवळ उभा,
एरंडाच्या सावलीत शेंगा फोडत.
काकतीवाल्यांना चार रन हवे होते तेव्हाची गोष्ट:
तो धावत निघाला आणि सांबऱ्याचं विमान आलं,
इतकं खाली की चाकं मोजावीत.
सगळं मैदान वर बघत राहिलं.
भरमा थांबला, आणि तेवढ्यात
बॅट्समनचे पाय बघून घेतले.
विमान गेलं. मधला दांडा गेला.

पण चार रन राखायला आधी ते असावे लागतात.
गेल्या मोसमात नऊ मॅच हरलो,
त्यातल्या सात आठवी ओव्हर यायच्या आधीच.
टरफलांचा ढीग झाला तेवढा.
जोतिबा म्हणाला,
"खळ्यात दाणा न्हाई, आणि राखण्या रात्रभर जागा."

हिशेब सरळ आहे.
ही पोरं तयार व्हायला तीन वर्षं.
भरमाला तेहतिसावं चालू,
त्यात उद्यमबागेत फाउंड्रीत साचे उचलतो.
आज कुणीतरी काच खाली करतंय.
बाजारात दात बघतात,
दात गेल्यावर दावणीला कोण येतो?
हे मीच बोललो,
आणि तोंडात कोरडं पीठ गेल्यासारखं झालं.

गुंडू तेवढा अडून बसला.
म्हणाला, "त्या सदाला बघा. स्टंपामागं उभा करालोय त्याला.
भरमाचे बॉल घेऊन घेऊन
आता डोळे मिटत न्हाई पोरगा.
मॅटिंग शिकवतंय व्हय हे?"
कुणी उत्तर दिलं नाही.
मॅटिंग मात्र खरंच पाहिजे,
आमच्याला दोन ठिकाणी सायकलच्या ट्यूबचं ठिगळ.

तेवढ्यात दार ढकलून भरमाच आला,
सकाळी टाकलेला डबा न्यायला.
वही झाकायला गेलो, पण त्यानं वाचलेलं होतं.
स्वतःच्या नावासमोरचं प्रश्नचिन्ह
वीज बिल बघावं तसं बघितलं.
म्हणाला, "तो डावखुरा चांगला हाय. बघितलोय मी, अंकलग्याला.
घ्या त्येला.
मॅटिंग पसरून बघा पण, ईराण्णा वरची घडी तेवढी नवी दावतो."

दळणाचे पैसे नको म्हटलं.
त्यानं मोजून ठेवले, सुट्टे.

बाकीचे परत वहीत वाकले होते.
दहा किलोचा डबा. मीच भरलेला.
त्यानं उजवा हात कडीला लावला,
काढून घेतला,
आणि डाव्या हातानं उचलला.
दार पायानं ओढून घेतलं.

गुंडू विचारतोय, काय लिहू.
ईराण्णाचा फोन उद्या सकाळी यायचा आहे.
गिरणीत एवढं पीठ उडतं,
कुणालाही दिसलं नसतं.